घरच्या टीव्हीवर घरचंच लग्न

लग्नाच्या शूटिंगवर ज्याने घर चालवलं, त्याला स्वतःच्या टीव्हीवर स्वतःच काढलेलं लग्न लावता येईना, हे ऐकून हिंगोलीतले माझे धंद्यातले दोस्त अजून हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपल्या जुन्या कॅसेटी कधीच भंगारात घातल्या आहेत, तो भाग वेगळा. पण हसू व्हावं असंच मी वागलो, हे कबूल करायला हवं. कॅमेरा कळतो म्हणजे कॉम्प्युटर कळतो, कॉम्प्युटर कळतो म्हणजे वायफाय कळतं, अशी माझी चढती भाजणी होती.

सिद्धेश्वर म्हणजे पूर्णा नदीवरचं धरण आणि त्याच्या कडेचं आमचं गाव. वर येलदरी, खाली आम्ही. बाहेरच्या माणसाला गाव सांगायचं तर औंढा नागनाथचं नाव घ्यावं लागतं. मी शूटिंग सुरू केलं तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. माझ्या पहिल्या काही कॅसेटींच्या टायटलमध्ये, फिरणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्यांमधून, 'मु. पो. सिद्धेश्वर, जि. परभणी' अशी अक्षरं अजून येतात. तेव्हा पॅनासोनिकचा एम-९००० खांद्यावर, सनगन धरायला एक पोरगं, आणि जनरेटरवाल्याची मनधरणी, असा सगळा कारभार. सनगनच्या उजेडात नवरीचा मेकअप वितळायचा आणि करवल्या डोळ्यांवर हात घ्यायच्या. पुढे मिनीडीव्ही आली. व्हीएचएसची कॅसेट तीन तासांची, मिनीडीव्हीची एका तासाची, पण चित्र कितीतरी स्वच्छ. शिवाय फायरवायरच्या वायरीने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये उतरायचं. एका तासाची फाइल साधारण १३ जीबी. ही १३ जीबी लक्षात ठेवा, पुढची बरीच भानगड तिच्यापायी झाली.

धंद्यातली आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. टेप महाग असायची. म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून झाली की त्याच टेपवर पुढचं लग्न. गिऱ्हाइकाला मिक्सिंग केलेली सीडी किंवा डीव्हीडी जायची आणि मूळ शूटिंग राहायचं ते फक्त माझ्या हार्ड डिस्कवर. त्या काळात सगळेच असं करायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

धाकट्या भावाने ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणला आणि मायने एकच मागणं केलं. अक्काचं लग्न बघायचं. २००४ सालचं, मिनीडीव्हीवर मीच काढलेलं. त्यात आबा मंडपात हिंडताना दिसतात, आचाऱ्यावर ओरडतात, मांडवाच्या मेढीला टेकून क्षणभर उभे राहतात. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण माय म्हणाली, "फोटोतला मानूस चालत न्हाई बाबा."

मी म्हटलं, संध्याकाळी लावतो.

पेन ड्राइव्ह काढला. फाइल त्यात जाईना. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह, पूर्ण रिकामा, आणि कॉम्प्युटर म्हणतो ही फाइल इथे मावत नाही. मी पेन ड्राइव्ह खराब ठरवला आणि औंढ्याहून दुसरा, मोठा आणला. पहिल्याचा काही दोष नव्हता. लहान पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. ज्याने आयुष्यभर १३-१३ जीबीच्या फाइली हाताळल्या, त्याला हे माहीत असायला हवं होतं. मोठ्या पेन ड्राइव्हवर फाइल गेली, तर टीव्हीवर ओळ आली की हा फॉरमॅट चालत नाही. मग मी टीव्ही खराब ठरवला. दुकानदाराला फोन लावून बरंच बोललो. त्याने शांतपणे विचारलं, "भाऊ, फाइल कशाची आहे?" या प्रश्नावर मी फोन ठेवून दिला. थोडा थांबलो असतो, त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. कारण अडचण फाइलच्या जातीची होती आणि मी मात्र पुढे कितीतरी दिवस वायफायच्या मागे लागलो.

ते खूळ पुतण्याने दिलं. "काका, पेन ड्राइव्ह कशाला लावता? वायफायवरून लावा ना." ऐकायला बरं वाटलं. कॉम्प्युटर माझ्या स्टुडिओत, टीव्ही बैठकीत, मधे अंगण. स्टुडिओतून बसल्या जागी सगळी लग्नं घरात दिसतील, वायर नको, पेन ड्राइव्ह नको. स्ट्रीमिंग म्हणजे नेट, अशी माझी पक्की समजूत. म्हणून आधी मोठ्या डेटाचं रिचार्ज मारलं, भावाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि कॉम्प्युटर व टीव्ही दोन्ही त्याला जोडले. दिवस हळद काढणीचे. भाऊ सकाळीच शेताकडे गेला आणि त्याच्या खिशातून आमचं नेटवर्कही शेताकडे गेलं. मी टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेला.

घरातल्या कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर दाखवायला इंटरनेट लागत नाही. एक राउटर लागतो, बस. त्याला बाहेरची कुठलीही लाइन जोडलेली नसली तरी चालतं. डेटाचा एक थेंबही त्यात खर्च होत नाही. हे मला कळलं तोवर रिचार्जची मुदत संपत आली होती. आमच्याकडे आजही अनेकजण केवळ 'नेट नीट नाही' म्हणून हा नाद सोडतात, म्हणून हे ठळक सांगतोय.

मग राउटर आणला. तो स्टुडिओत ठेवला. आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. बैठकीत वायफायची एकच कांडी दिसायची. म्हणून दुसरा राउटर आणला, अंगणातून लॅनची वायर ओढली आणि पहिल्याला दुसरा जोडून बैठकीत ठेवला. आता टीव्हीवर कांड्या पूर्ण, आणि टीव्हीला कॉम्प्युटर दिसतच नाही. आधी निदान अधूनमधून दिसायचा.

यात काय झालं ते नंतर समजलं. स्मार्ट टीव्हीत साधारणपणे डीएलएनए नावाची सोय असते. २००३ साली सोनी, इंटेल अशा कंपन्यांनी एकत्र येऊन घरातली यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील याचे नियम ठरवले, ते हे. ती संस्था २०१७ साली बंदही झाली, पण नियम टीव्हीत राहिले. टीव्ही चालू झाला की तो नेटवर्कवर पुकारा करतो, कुणाकडे व्हिडिओ आहेत का? हा पुकारा २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि ज्याच्याकडे माल असेल तो कॉम्प्युटर उत्तर देतो. गावात दवंडी पिटावी तसला हा प्रकार, आणि दवंडी शिवेबाहेर जात नाही. मी दुसऱ्या राउटरची वायर त्याच्या वॅन म्हणजे बाहेरच्या लाइनच्या भोकात घातली होती, त्यामुळे त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं केलं होतं. कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा, टीव्हीचा १९२.१६८.१ ने. एकाच घरात दोन गावं. तीच वायर शेजारच्या लॅनच्या भोकात घालून दुसऱ्या राउटरचं पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं असतं तर काम झालं असतं. अखेर तेच केलं. मधल्या काळात मी राउटर बदलून आणायला निघालो होतो.

तरी टीव्हीला कॉम्प्युटर दिसेना. विंडोजने नवं नेटवर्क बघून कधीतरी विचारलं असणार, हे सार्वजनिक आहे की खाजगी, आणि मी न वाचता काहीतरी दाबलं असणार. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं होतं. तसं असलं की कॉम्प्युटर कुणाच्याच हाकेला ओ देत नाही, आणि ते बरोबरच आहे, बसस्टँडवरच्या वायफायवर त्याने तसंच वागावं. ते 'प्रायव्हेट' करायचं, एवढंच काम. मी काय केलं? फायरवॉल पूर्ण बंद केली, अँटिव्हायरस काढून टाकला. कॉम्प्युटर दिसायला लागला तेव्हा मी ही युक्ती दोन-तीन स्टुडिओवाल्यांनाही शिकवली. त्यांनी हे वाचलं तर फायरवॉल चालू करून घ्यावी.

आता टीव्हीवर यादी आली. सगळ्या फाइली दिसल्या. माय, अक्का, पुतणे बैठकीत जमले. मी अक्काच्या लग्नाची फाइल निवडली आणि टीव्हीने तीच ओळ दाखवली जी पेन ड्राइव्हला दाखवली होती. हा फॉरमॅट चालत नाही.

फाइल कशाची आहे, हा दुकानदाराचा प्रश्न तेव्हा आठवला. डीव्ही हा कॅमेऱ्याचा फॉरमॅट. टीव्हीतल्या चिपला एच.२६४, एच.२६५, एमपीईजी-२ असे मोजके प्रकार उलगडता येतात, डीव्ही त्यात सहसा नसतो. वायफाय, राउटर, वायर, फायरवॉल सगळं बिनचूक असतं तरी ती फाइल चालली नसती. म्हणजे पैसे गेले, ते गेलेच.

इथवरच्या चुका हसून सोडून देता येतात. पुढची नाही.

फाइली बदलून घ्यायच्या, असं ठरवलं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे, त्याला काही बोलायचं नाही. त्यात एका तासाची १३ जीबीची डीव्ही फाइल एक-सव्वा जीबीच्या एमपी४मध्ये येते. मी विचार केला, बदलायचंच तर फुल एचडी करून टाकू, टीव्ही फुल एचडी आहे. आमचं शूटिंग ७२० बाय ५७६. आकडा वाढवून चित्र सुधारत नाही हे गिऱ्हाइकाला मीच समजावून सांगत आलो होतो. तरी १९२० बाय १०८० टाकलं. जुन्या टीव्हीचं चित्र ४:३ आकाराचं, नव्याचं १६:९. टीव्हीच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणून पूर्ण पडदा भरला. आणि 'डीइंटरलेस' नावाची एक चौकट होती, ती तशीच सोडली.

ही चौकट काय करते ते सांगतो, कारण जुनं शूटिंग ज्यांच्याकडे आहे त्यांना ते कामाला येईल. तेव्हाचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घ्यायचा, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी एकाआड एक रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या रेघा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्या तशाच क्रमाने दाखवायचा, डोळ्याला काही कळायचं नाही. आताचा टीव्ही सगळ्या रेघा एकदम दाखवतो. मधल्या पन्नासाव्या भागात माणूस हललेला असतो, त्यामुळे हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला दाते पडतात. ते जुळवून घेण्याचं काम डीइंटरलेस करतं. ते न करता चित्र लहानमोठं केलं की दोन्ही हप्त्यांच्या रेघा एकमेकांत कालवल्या जातात आणि मग त्या कुणालाही वेगळ्या करता येत नाहीत.

रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून मी फाइलींमागून फाइली बदलल्या. जुना ड्युअल कोअर, पंखा नुसता घोंगावत होता. डिस्क भरत आली तशी बदललेल्या फाइली उघडून बघायचो, सुरुवातीचं टायटल नीट दिसलं की मूळ डीव्ही फाइल पुसायचो. टायटल स्थिर असतं. त्यात काहीच हलत नाही, त्यामुळे दाते दिसणार कुठून? अक्काच्या लग्नाची मूळ फाइलही त्यात गेली. टेपवर कधीच दुसऱ्याचं लग्न चढलेलं होतं. रिसायकल बिन मी जागेसाठी सवयीने रिकामी करतो, तशी तीही केली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत अक्काचं लग्न लागलं. माय पुढे सरकून बसली. आबा आले, मंडपात हिंडले, आचाऱ्यावर ओरडले. माय बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझे आबा इतके जाड कधी होते रे?" ताणलेल्या चित्रात सगळं वऱ्हाड रुंद झालं होतं. रुंदी पुन्हा आवळून घेता आली, ते मी लगेच केलं. दाते मात्र गेले नाहीत. आबा मेढीला टेकून उभे राहतात तेवढा वेळ स्पष्ट दिसतात. चालायला लागले की त्यांच्या धोतराच्या, हाताच्या, चेहऱ्याच्या कडा फाटत जातात. मायला चालणारा माणूस बघायचा होता.

डिलीट झालेली फाइल परत आणणारी सॉफ्टवेअरं मी वापरून बघितली. पण पुसलेल्या जागेवर नव्या एमपी४ फाइली लिहून झालेल्या होत्या. हाती आले ते तुकडे, तेही उघडेनात. हार्ड डिस्कची दुसरी प्रत नव्हती. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगायचो, दोन प्रती ठेवा.

अक्काच्या सासरी मिक्सिंग केलेली डीव्हीडी निघाली. ओरखडे पडलेली, पण निम्म्याहून जास्त उतरली. आता गंमत ऐका. त्या मिक्सिंगमध्ये आबांचं मंडपात हिंडणं मी गाण्याच्या एका कडव्यापुरतं ठेवलं आहे आणि तेही बदामाच्या आकारात, कडेने चांदण्या फिरताहेत. वराच्या मामांनाही बदाम आहे, घोड्यालाही आहे. इफेक्ट नवीन आले होते, गिऱ्हाइकं खूश व्हायची, मीही खूश होतो. डीव्हीडीवरचं चित्र स्वच्छ आहे, आबा सरळ चालतात, पण बदामाच्या बाहेर गेले की कापले जातात.

हे सगळं होऊन गेल्यावर कुणीतरी सुचवलं म्हणून टीव्हीवर व्हीएलसी टाकलं. टीव्ही अँड्रॉइडचा आहे, त्याच्या स्टोअरमध्ये ते फुकट मिळतं. व्हीएलसीचा जन्मच मुळी नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवण्यासाठी झाला. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सेंट्रालच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाठवायला ते सुरू केलं, २००१ साली ते सगळ्यांना खुलं झालं. नावातला 'एल' आणि 'सी' म्हणजे लॅन आणि क्लायंट. टीव्हीची चिप जो फॉरमॅट ओळखत नाही तो व्हीएलसी स्वतः उलगडतं. पुसायची राहून गेलेली एक डीव्ही फाइल, कुणाच्या तरी बारशाची, मी त्यात लावली. चालली. वायफायवर अडखळत, कारण १३ जीबीचा एक तास म्हणजे सेकंदाला जवळपास २९ मेगाबिट, आणि राउटरच्या खोक्यावरचा आकडा वायफायवर प्रत्यक्षात कधी मिळत नाही. टीव्हीला लॅनची वायर जोडली आणि ती एकदाही न थांबता चालली. डीइंटरलेसही व्हीएलसीनेच केलं. म्हणजे अक्काच्या लग्नाची मूळ फाइल जशीच्या तशी, काहीही न बदलता, त्याच टीव्हीवर दिसली असती. त्या बारशात एक पाहुणा पाळण्याकडे चालत येतो. त्याच्या कडा कशा स्वच्छ आहेत ते मी बराच वेळ बघत बसलो.

त्यानंतर कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर मांडून दाखवणारं जेलीफिन घातलं. हेही फुकट. २०१८ च्या डिसेंबरात एका जुन्या प्रोग्रॅमपासून काही लोकांनी वेगळं काढलेलं. कॉम्प्युटरवर ते चालतं आणि टीव्हीवर त्याचं ॲप. यात फाइलींचा प्रकार विचारला तिथे मी 'मूव्हीज' दिलं. तसं दिलं की ते नेटवर जाऊन नावाशी जुळणारे चित्रपट शोधतं आणि त्यांची पोस्टरं लावतं. आत्याच्या लग्नावर कुठल्यातरी परदेशी सिनेमातल्या बंदूकवाल्या बाईचं चित्र आलं. आत्याला ते आवडलं. प्रकार 'होम व्हिडिओ' करायचा असतो.

आणि मग ते घडलं, जे टेक्निकच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. मी सुरुवातीला डीएलएनएवर अख्खा ई ड्राइव्ह शेअर केला होता, तो तसाच होता. त्यात आमच्या घरची चार लग्नं आणि बाकी पंचक्रोशीतली. मायला इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, त्यामुळे ती टीव्हीवर छोट्या चित्रांवरून अंदाजाने काहीतरी निवडायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमल्या होत्या आणि मायने कौतुकाने टीव्ही लावला. लागलं ते जमलेल्यांपैकीच एकीच्या लेकीचं लग्न. ते लग्न मोडलं होतं. कशामुळे ते साऱ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ओळख पटेल असं यापुढे काही लिहीत नाही. ती बाई हातातलं वाण तिथेच ठेवून उठून गेली. मायला रिमोटवरचं कुठलं बटण दाबायचं ते कळेना, त्यामुळे मंगलाष्टकं चालूच राहिली.

मी त्यांच्या घरी गेलो. मुलीच्या बापाने विचारलं, "तुझ्याकडं अजून हाय ते?" अल्बम त्यांनी कधीच नष्ट केला होता. माझ्या डिस्कवर ते लग्न आहे हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते म्हणाले, ठेवू नको. मी त्यांना स्टुडिओत आणून त्यांच्यासमोर ती फाइल पुसली. खोलात गेल्यावर आणखी एक कळलं. डीएलएनएला पासवर्ड नसतोच. ज्याच्याकडे माझ्या वायफायचा पासवर्ड, त्याच्या मोबाईलवर गावातली सगळी लग्नं उघडी. आणि वायफायचा पासवर्ड गल्लीतल्या निम्म्या पोरांकडे होता, मीच दिलेला. शूटिंगवाल्याला लोक नवरीच्या खोलीतही जाऊ देतात. त्या भरवशावर काढलेलं सगळं मी वाऱ्यावर सोडलं होतं. राउटर, फॉरमॅट यांच्यातल्या माझ्या साऱ्या अडाणीपणाला मी माफ करतो, याला नाही.

त्या दिवसापासून डीएलएनए बंद आहे. गिऱ्हाइकांच्या फाइली वेगळ्या डिस्कवर, ती डिस्क कपाटात, तिची दुसरी प्रत भावाच्या घरी. जेलीफिनवर फक्त घरचं. त्यात माणसाप्रमाणे वेगळं खातं करता येतं आणि फोल्डरमध्ये आपण ठेवलेला फोटो पोस्टर म्हणून दिसतो. म्हणून प्रत्येक लग्नावर मायच्या ओळखीचा चेहरा लावला आहे. अक्काच्या लग्नावर आबा. ती बरोबर लावते.

विजेचंही सांगून टाकतो. कॉम्प्युटर मी चोवीस तास चालू ठेवायला लागलो होतो. ८० वॅट धरले तर दिवसाला जवळपास दोन युनिट, महिन्याला ५७-५८. आमचं बिल शंभर युनिटांच्या आत असायचं ते वरच्या स्लॅबमध्ये गेलं आणि बायकोने रीतसर हिशेब मागितला. आता संध्याकाळीच चालू करतो.

घरात जुनं शूटिंग असलेल्यांना विनंती आहे. तुमच्या शूटिंगवाल्याकडे जा, तो धंद्यात नसला तरी जा. मूळ फाइल आहे का विचारा आणि स्वतःची हार्ड डिस्क सोबत न्या. नको असेल तर पुसायला सांगा, तोही तुमचा हक्क आहे. त्याने एमपी४ करून दिलं तरी मूळ फाइल हातात आल्याशिवाय उठू नका, आणि तपासताना टायटल बघू नका, नाचणारे लोक बघा. व्हीएचएस असेल तर घाई करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये ते काम थांबवलं. आता आहेत ती जुनीच यंत्रं, मोडली की मोडली. आणि धरणाकाठच्या आमच्यासारख्या दमट गावात कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून पट्टीची कड बघून घ्या. पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतो आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.